माझ्या वहीतलं एकच वाक्य

मिणमिणती वात

बरेच दिवस लिहायचं म्हणत होते, दोनदा टाइप करून पुसून टाकलं, आज मात्र पोस्ट करणारच. लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या. विषय आहे शरम. ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाच्या आत बसलेली ती शरम, जी कितीही प्रार्थना केली तरी जात नाही, आणि जात नाही म्हणून परत आपलीच शरम वाटते की आपला विश्वासच कमी पडतोय.

माझे वडील मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मानाचे. वचन सांगायचे, लोक घरी सल्ला घ्यायला यायचे. त्यांनी मला आयुष्यात एक चापटसुद्धा मारली नाही, त्यामुळे कित्येक वर्षं मला वाटायचं की माझ्या बाबतीत वाईट असं काही घडलेलंच नाहीये, मग मी अशी का. जे घडायचं ते रोज रात्री कौटुंबिक प्रार्थनेत घडायचं. सगळ्यांनी डोळे मिटायचे, बाबा मोठ्याने प्रार्थना करायचे आणि त्यात माझं नाव घेऊन देवाला सांगायचे की प्रभू, ह्या मुलीत काय शिरलंय बघ, हिचा हट्ट मोडून टाक, हिच्यातली घाण काढ, हिच्यामुळे ह्या घरावरचा आशीर्वाद अडलाय. दिवसभरात मी केलेलं काय असायचं? काहीतरी सांडलेलं, नाहीतर एखादा प्रश्न विचारलेला, नाहीतर काहीच नाही. आणि शेवटी सगळ्यांबरोबर मलाही आमेन म्हणावं लागायचं. हळू म्हटलं तर परत म्हणायला लावायचे.

हे कुणाला सांगणार आणि काय म्हणून सांगणार? बाबा माझ्यासाठी रोज प्रार्थना करतात म्हणून? ऐकणारा म्हणेल नशीबवान आहेस.

पंधराव्या वर्षी मी प्रार्थनेची वही सुरू केली. अकरा वर्षं लिहिली, एकामागून एक वह्या झाल्या. आता चाळून बघते तेव्हा दिसतं की जवळजवळ प्रत्येक पानावर तेच एक वाक्य आहे, "प्रभू, मी अशी आहे त्याबद्दल मला क्षमा कर." अक्षर बदलत गेलं, शाई बदलली, वाक्य तेच. देव क्षमा करतो हे मला पाठ होतं, १ योहान १:९ झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवलं असतं, तरी दुसऱ्या दिवशी परत तेच लिहायचे कारण आत काही हललेलंच नसायचं. प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे मंडळीत येशूच्या आठवणीसाठी भाकर आणि द्राक्षारस घेतात तेव्हा, प्याला हातात आला की नजर खाली ठेवून, न घेता तसाच शेजारणीकडे द्यायचे. कुणी डोळे मिटून प्रार्थना करूया म्हटलं की पोटात गोळा यायचा, अजूनही येतो.

मग आमच्या मंडळीतल्या एका मोठ्या बाईंकडे गेले. समुपदेशनाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या आहेत, मी त्यांना मावशीच म्हणते. तिसऱ्या की चौथ्या भेटीत मी वही घेऊन गेले. त्यांनी दहाबारा पानं शांतपणे वाचली, एक कोरा कागद आणि पेन माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "हे वाक्य जरा बाजूला ठेवू. तू केलंस काय, ते लिही. अमुक दिवशी मी अमुक केलं, एवढंच."

मला वाटलं पानं पुरणार नाहीत. पण मी चाळीस मिनिटं तशीच बसले होते. मावशी एक शब्द बोलल्या नाहीत, घड्याळाकडे बघितलं नाही. शेवटी त्या कागदावर एकच गोष्ट होती, पेन टेकवून ठेवलं होतं तिथे शाई पसरून झालेला ठिपका. मग मी चिडले आणि भराभर चार ओळी लिहिल्या, बहिणीशी खोटं बोलले होते ते, एका मैत्रिणीबद्दल पाठीमागे वाईट बोलले ते, अशा. दोन मिनिटं लागली. मावशी म्हणाल्या, "ह्या चार गोष्टींची क्षमा मागितलीस?" म्हटलं हो, केव्हाच. "मिळाली असं वाटतं?" म्हटलं हो, त्यांचं काही वाटत नाही आता. "मग ह्या अकरा वर्षांच्या वह्या कशाच्या आहेत?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी उत्पत्तीचा तिसरा अध्याय काढला. आदाम लपलाय, म्हणतो मी नग्न आहे म्हणून भ्यालो. आणि देव त्याला जे विचारतो ते मी लहानपणापासून शंभरदा ऐकलं असेल पण कधी ऐकलंच नव्हतं: तू नग्न आहेस हे तुला कोणी सांगितलं?

कोणी सांगितलं. मी घाण आहे हे मला कोणी सांगितलं. देवाने तर नाही, मी शोधून बघितलं. ते बाबांनी देवाला सांगितलं होतं, माझ्यादेखत, आणि मी त्याला आमेन म्हटलं होतं.

म्हणून हा धागा. जे केलं त्याची क्षमा मागता येते आणि मिळते. पण जे आपण केलंच नाही, जे आपल्यावर कुणीतरी टाकलं, त्याची क्षमा मागत राहिलो तर ती मिळाल्यासारखी वाटणारच कशी, क्षमा करण्यासारखं तिथे काही नसतंच ना. माझी अकरा वर्षं ह्यात गेली. इथे अजून कोणी असेल जे असंच मागत बसलंय तर त्यांनी हे वाचावं एवढंच.

शेवटचा बाक

"हळू म्हटलं तर परत म्हणायला लावायचे" इथपर्यंत वाचलं आणि फोन खाली ठेवला. तासाभराने उरलेलं वाचलं. माझ्याकडे आई होती, प्रार्थना नव्हती, टोमणे होते, बाकी सगळं हेच. जास्त लिहिता येत नाहीये पण मी आहे इथे.

ऐकणारी

वात, तू हे लिहिलंस त्याबद्दल मनापासून आभार. मी ह्याच क्षेत्रात काम करते आणि विश्वासीही आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी थोडं लिहिते.

अपराधीपणा आणि शरम हे बाहेरून सारखे दिसतात, पण आत वेगळे चालतात. अपराधीपणा म्हणतो मी वाईट केलं, शरम म्हणते मी वाईट आहे. अपराधीपणा माणसाला ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे जायला लावतो, माफी मागायला, भरपाई करायला. शरम उलट लपायला लावते. मान खाली जाते, नजर वळते, आवाज बारीक होतो, काही जणांचं तर डोकंच रिकामं होतं, बोलायचं असून शब्द सापडत नाहीत. तुझी ती चाळीस मिनिटं वाचताना मला हेच आठवलं.

आणि मारहाण झाली नाही म्हणजे आघात झाला नाही असं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली, त्यात कॉम्प्लेक्स पीटीएसडी हे वेगळं निदान आहे, म्हणजे दीर्घकाळ चाललेल्या, सुटका नसलेल्या आघातानंतर होऊ शकणारा त्रास. त्याच्या लक्षणांत आठवणी उसळून येणं आणि सतत सावध असणं तर आहेच, पण आपण कमी आहोत, हरलेले आहोत, कवडीमोलाचे आहोत ही पक्की समजूत आणि तिच्याबरोबरची खोल शरम हेही आहे. इथे मी कुणाचंही निदान करत नाहीये, ते समोरासमोर बसूनच होतं. फक्त इतकंच सांगायचंय की ही विश्वासाची कमतरता नसते. लहान मुलाला घरातून पळून जाता येत नाही, आईबाप चुकीचे आहेत हे मानणंही त्याला परवडत नाही कारण जगणं त्यांच्यावर अवलंबून असतं, मग ते सगळ्यात सोपा मार्ग घेतं आणि ठरवतं की मीच वाईट आहे. तेव्हा त्याने जीव वाचवलेला असतो. पुढे तीच समजूत अंगात मुरून बसते.

डोळे मिटले की पोटात गोळा येतो म्हणालीस. मग डोळे उघडे ठेवून प्रार्थना कर, खुशाल. डोळे मिटलेच पाहिजेत असं शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही. लाजराच्या कबरेजवळ प्रभूने डोळे वर करून प्रार्थना केली, योहान ११:४१.

वचनाला धरून

ताईंच्या दुःखाबद्दल सहानुभूती आहे पण मला एक गोष्ट खटकली आणि ती न बोलणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. "तुला कोणी सांगितलं" एवढ्यावरच तुम्ही थांबलात. त्याच वचनात पुढे देव विचारतो, ज्या झाडाचं फळ खाऊ नको म्हणून सांगितलं होतं ते तू खाल्लंस काय? म्हणजे आदामाने पाप केलेलंच होतं. त्याची लाज खोटी नव्हती. आजकाल सगळीकडे ट्रॉमा ट्रॉमा चाललंय, माणसाला पापी म्हणायची सोय राहिली नाही, आणि पाप नाही तर मग वधस्तंभ कशाला? आपण सगळेच पापी आहोत, काहीतरी सांडलं म्हणून नाही, स्वभावानेच. हे धरून ठेवलं पाहिजे असं मला वाटतं.

मिणमिणती वात

दादा, तुमचं बरोबर आहे, पुढचं वचन मी गाळलं. आदामाने खाल्लं होतं. मीही पापी आहे, त्या चार ओळी माझ्याच आहेत आणि त्या चारच आहेत असंही मी म्हणत नाहीये.

पण एक बघा. देवाला माहीत नव्हतं का आदाम कुठे आहे ते? तरी आधी हाक मारतो, तू कुठे आहेस. मग विचारतो कोणी सांगितलं. मग विचारतो खाल्लंस काय. म्हणजे तो विचारतो, आणि नेमकं विचारतो, ह्या झाडाचं, हे फळ. आमच्या घरात कधी कोणी विचारलं नाही, निकालच लागलेला असायचा. आणि अध्यायाच्या शेवटी, शिक्षा सांगून झाल्यावर, देव त्यांच्यासाठी चामड्याची वस्त्रं करतो आणि त्यांना घालतो, ३:२१. अंजिराची पानं त्यांनी स्वतः शिवलेली होती, ती काही पुरत नव्हती. पाप केलेल्या माणसालासुद्धा देव उघडा ठेवत नाही. रोज रात्री सगळ्यांसमोर मला उघडं करायचे, तेव्हा देवाचंच नाव घ्यायचे. माझं भांडण त्या नाव घेण्याशी आहे, वधस्तंभाशी नाही.

आणि वधस्तंभाचं म्हणाल तर तो मला आता जास्त कळतो. ती शिक्षा नुसती मारायची नव्हतीच, माणसाला सगळ्यांसमोर हिणवायची होती. कपडे काढून घेतलेले, खाली त्यावर चिठ्ठ्या टाकतायत, येणारेजाणारे डोकं हलवून टोमणे मारतायत. इब्री १२:२ म्हणतं त्याने लज्जा तुच्छ मानून वधस्तंभ सहन केला. पापाचं ओझं त्याने वाहिलं हे मला संडे स्कूलपासून शिकवलं होतं. शरमही त्याला माहीत आहे, आतून, अंगावर घेतलेली, हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.

जुना मेंढपाळ

मी तीस वर्षांहून जास्त पाळक म्हणून सेवा केली, आता निवृत्त आहे. हा धागा दोनदा वाचला. वात ताईंनी लिहिलंय तसं कुणीतरी माझ्याकडे येऊन बोलू बघायचं तेव्हा मी काय केलं ते इथे लिहिणं मला भाग आहे.

मी म्हणायचो क्षमा कर. पहिल्याच भेटीत. समोरची व्यक्ती अजून काय झालं ते सांगतच असायची आणि मी क्षमेवर येऊन पोचायचो, कारण खरं सांगायचं तर ते ऐकणं मला जड जायचं आणि क्षमा म्हटलं की बोलणं संपायचं. कितीतरी जणी मान हलवून गेल्या आणि परत आल्या नाहीत. मला वाटायचं बऱ्या झाल्या.

२ शमुवेल १३ मी आयुष्यात एकदाच उपदेशाला घेतला, तोही अबशालोमाच्या बंडाची पार्श्वभूमी म्हणून. दावीद राजाच्या मुलीवर, तामारेवर, सावत्र भावाने बलात्कार केला. ती गप्प बसली नाही हे लक्षात घ्या, तिने डोक्यावर राख घातली, अंगावरचं राजकन्येचं वस्त्र फाडलं, आणि रडत ओरडत रस्त्याने गेली. तिला गप्प कोणी केलं? अबशालोमाने, तिच्या सख्ख्या भावाने, जो तिच्यावर प्रेम करत होता. म्हणाला, गप राहा, तो तुझा भाऊ आहे, मनाला लावून घेऊ नकोस. आणि दावीद राजा संतापला असं लिहिलंय, पण त्याने काही केलं असं लिहिलेलं नाही. तामार भावाच्या घरी उदास होऊन राहिली, आणि ह्यापुढे तिचं काय झालं ह्याबद्दल शास्त्रात एक ओळ नाही. मी कितीदा अबशालोम झालो असेन. कितीदा दावीद.

प्याल्याबद्दल. ताई, १ करिंथ ११ मध्ये अयोग्य प्रकारे भाकर खाणं असं म्हटलंय, आणि मूळ ग्रीकमध्ये तो शब्द क्रियाविशेषण आहे, खाण्याच्या रीतीबद्दल आहे. आधीची वचनं वाचा, करिंथमध्ये सधन लोक आधी येऊन पोटभर खायचे, प्यायचे, झिंगायचे, आणि गरीब उपाशी राहायचे. हे पत्र लिहिणारा पौल त्यावर चिडलाय. माणूस योग्य आहे की नाही हा तिथे प्रश्नच नाही, योग्य असा कोण आहे? हे मी दर महिन्याला प्रभुभोजनाआधी समजावून सांगायला हवं होतं. नुसतं "आपापली परीक्षा करा" म्हणून गंभीर चेहऱ्याने थांबायचो, आणि ज्यांनी खरंच परीक्षा करायला हवी होती ते बिनधास्त घ्यायचे, आणि तुमच्यासारख्या मुली प्याला पुढे द्यायच्या.

मोहरीचा दाणा

मी पहिल्यांदाच लिहितोय. मला दोन गोष्टी विचारायच्यात.

एक, प्रभूची प्रार्थना. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हटलं की पित्या ह्या शब्दावर माझी गाडी अडते, पुढचं तोंडातून येतं पण मन तिथेच राहतं. लोक म्हणतात देव पृथ्वीवरच्या बापासारखा नाही, मान्य, पण कान ऐकत नाहीत ना.

दोन, आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख. ही आज्ञा मला लहानपणी इतक्या वेळा ऐकवलीय. आता वडील म्हातारे झालेत, बोलवतात, गेलो की तासाभरात जुनं सुरू होतं, परत आलो की चार दिवस झोप नाही. नाही गेलो तर आज्ञा मोडली. मी काय करायचं?

ऐकणारी

दाण्या, पहिल्याबद्दल. तो शब्द लगेच बरा व्हायलाच पाहिजे अशी घाई करू नकोस. शास्त्रात देवाला हाका मारायला बरेच शब्द आहेत. खडक, मेंढपाळ, आश्रय. यशया ६६:१३ मध्ये तो म्हणतो, आई जसं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन. अब्राहामाच्या घरातली दासी हागार, तिने तर रानात, हाकलल्यासारखी पळालेली असताना, स्वतःच देवाला नाव दिलं, मला पाहणारा देव. तिच्या मालकिणीने तिला छळलं होतं हे तिथे स्पष्ट लिहिलंय, आणि देवाने तिला नावाने हाक मारली. जो शब्द तुझ्या घशात अडकत नाही त्याने सुरुवात कर.

ज्या भेटीनंतर चार दिवस झोप लागत नाही ती भेट शरीराला धोका म्हणून कळतेय. हे एकट्याने पेलू नकोस, ट्रॉमाचं प्रशिक्षण घेतलेलं कोणीतरी गाठ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच पीटीएसडीसाठी, म्हणजे आघातानंतरच्या त्रासासाठी, ट्रॉमावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी थेरपी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत त्या आठवणींवर काम करणारी थेरपी) ह्या उपचारांची शिफारस केली आहे, म्हणजे हे अंधारात चाचपडणं राहिलेलं नाही. आणि मनात स्वतःला संपवायचे विचार येत असतील तर धाग्यावर उत्तराची वाट बघू नकोस, आजच जवळच्या माणसाला सांग आणि डॉक्टरकडे जा. हे इथे वाचणाऱ्या सगळ्यांनाच.

एलीया संदेष्ट्याने मरण मागितलं होतं, १ राजे १९. देवाने त्याला त्या वेळी उपदेश केला नाही. झोपू दिलं, देवदूताने उठवून खायला दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं आणि म्हणाला की तुझा प्रवास तुला झेपणार नाही. मला तर ही थेरपीतली पहिली पायरीच वाटते, आधी सुरक्षितता, मग बाकी सगळं.

मिणमिणती वात

आज्ञेबद्दल मी लिहिते, मी त्यातूनच जातेय. इफिस ६ मध्ये मुलांनो आज्ञेत राहा म्हटल्यावर लगेच चौथ्या वचनात बापांनो, आपल्या मुलांना चिरडीस आणू नका असं आहे. आमच्या घरात पहिलं वचन पाठ करून घेतलं होतं, चौथं मी मोठी झाल्यावर स्वतः वाचलं.

आणि योसेफ बघ. भावांनी त्याला विकलं होतं. दुष्काळात ते मिसरात धान्य मागायला आले, तोवर हा तिथला मोठा अधिकारी झाला होता, तेव्हा त्याने त्यांना ओळखलं पण ओळख दिली नाही. दुभाष्यामार्फत बोलला, म्हणजे भाषा समजत असून मध्ये एक माणूस ठेवला. बाजूला जाऊन रडला, तोंड धुऊन परत आला. त्यांची पारख केली. धाकट्या भावाच्या, बन्यामिनाच्या, जागी मला ठेवून घ्या असं त्या भावांतला यहूदा म्हणाला, माणूस बदललाय हे दिसलं, तेव्हा कुठे म्हणाला मी योसेफ आहे. तोवर धान्य मात्र देत राहिला, उपाशी नाही मारलं कुणाला. मला त्यातून हे कळलं की मनातून सूड सोडणं एक आणि दार उघडणं दुसरं. मी बाबांच्या औषधांचं बघते, फोन बहिणीच्या फोनवर करते म्हणजे मध्ये ती असते. सध्या एवढंच. दुभाषी ठेवलाय म्हण.

शेवटचा बाक

स्तोत्र ८८ कोणी वाचलंय का? विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, स्तुतीकडे येतात, हे येत नाही. अंधारावर संपतं. ते बायबलमध्ये ठेवलंय म्हणून मी अजून विश्वासात आहे असं मला वाटतं.

एक बाप

इथे लिहायला नवीन आयडी काढला. तीन दिवस हा धागा वाचतोय.

तुम्ही सगळे मुलं म्हणून लिहिताय. मी दुसऱ्या बाजूचा आहे. मला एक मुलगी आहे. मी प्रार्थनेत नाही, जेवताना करायचो. पाहुण्यांसमोर. तिचे मार्क, तिचं चालणं, तिचं हसणं. मला वाटायचं मी तिला नम्र करतोय, माझ्या वडिलांनी मला असंच वाढवलं आणि मी काही वाया गेलो नाही असं सगळ्यांना सांगायचो. ती पाच वर्षं झाली बोलत नाही. आतापर्यंत मी म्हणत होतो जगाच्या नादी लागली. वात ताईंची पोस्ट वाचली तेव्हा मला आठवलं की ती जेवताना ताटाच्या कडेवर बोट फिरवत बसायची, वर बघायचीच नाही, आणि मी त्यावरूनही बोलायचो.

मला आता काय वाटतंय ते मलाच कळत नाही. तोंड दाखवायला जागा नाही असं वाटतंय. मी देवाकडे क्षमा मागितली. पण मी तिला काय म्हणू? की काहीच म्हणू नको?

मिणमिणती वात

काका, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि उत्तर द्यायला आज संध्याकाळ झाली. खरं सांगते, आधी राग आला. मग रडू आलं, कारण माझ्या बाबांनी हे लिहिलेलं मला कधी वाचायला मिळेल असं वाटत नाही.

मी तुम्हाला क्षमा करू शकत नाही, तो अधिकार तुमच्या मुलीचा आहे. तुमच्यासाठी प्रार्थना मात्र केली, डोळे उघडे ठेवून. पुढचं मला सुचत नाहीये, दुसऱ्या कोणीतरी लिहा प्लीज.

वचनाला धरून

मी लिहितो. बंधू, तुमच्या बाबतीत पाप खरं आहे आणि त्याचा मार्गही स्पष्ट आहे. तोंड दाखवायला जागा नाही म्हणून लपून बसलात तर तिला काय मिळालं? लूक १९ मधला जकातदार जक्कय बघा. त्याने माझं चुकलं, मी वाईट, असं रडगाणं लावलं नाही. उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि अन्यायाने ज्याचं घेतलं त्याला चौपट परत करतो. किती आणि कुणाला ते ठरवून.

तिला लिहा. तिला उत्तर द्यायला भाग पाडेल असं काही नको. अमुक वेळी, अमुक लोकांसमोर मी तुला हे बोललो, ते खोटं होतं, चूक माझी होती. "पण" हा शब्द नको. "मलाही माझ्या वडिलांनी" हे नको, ते खरं असलं तरी ते तुम्ही पाळकाला नाहीतर काउन्सेलरला सांगा, तिच्यावर टाकू नका. क्षमा कर असंही लिहू नका, ते परत तिच्याकडून काहीतरी मागणं झालं. आणि ज्या पाहुण्यांसमोर बोललात ते हयात असतील तर त्यांच्याकडे जाऊन सांगा की मी मुलीबद्दल जे बोलायचो ते खोटं होतं. चौपट म्हणजे तेवढं तरी.

वात ताई, तुमच्या पहिल्या पोस्टवर मी जे लिहिलं ते खोटं नव्हतं, पण ते तुम्हाला लिहायची गरज नव्हती. चुकीच्या माणसाला दिलं.

जुना मेंढपाळ

ह्यावर एवढंच जोडतो. प्रभूचा शिष्य पेत्र, त्याने मी ह्याला ओळखत नाही म्हणून प्रभूला तीनदा नाकारलं तेव्हा अंगणात कोळशाचा विस्तव होता, योहान १८. पुनरुत्थानानंतर प्रभू किनाऱ्यावर परत कोळशाचा विस्तव करून बसलाय, २१:९. तो ग्रीक शब्द नव्या करारात ह्या दोनच ठिकाणी येतो. आधी न्याहारी दिली, मग तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस काय. तू असं का केलंस असं एकदाही विचारलं नाही. बंधू, पत्र लिहायच्या आधी काहीतरी खाऊन घ्या. तुमची पोस्ट पहाटे साडेतीनची आहे.

एक बाप

दहा दिवसांनी येतोय. पत्र लिहिलं. सात वेळा लिहिलं, पहिल्या पाचांत पण होतं. शेवटचं एक पान झालं, त्यात नऊ प्रसंग आहेत, मला आठवतात तेवढे. तिला आठवत असलेले वेगळे असतील. दोन पाहुण्यांकडे जाऊन आलो. एक म्हणाले अहो सगळेच बाप बोलतात, विसरा. मी म्हटलं नाही, विसरायचं नाहीये.

आज तिचा मेसेज आला. "वाचलं. सहावा प्रसंग तसा नव्हता, त्याहून वाईट होता. आत्ता बोलायचं नाही."

मी उत्तर काय देऊ?

मिणमिणती वात

काका, "बरं" एवढंच पाठवा. सहावा कसा होता ते विचारू नका, सांगायचं तेव्हा ती सांगेल. आणि "आत्ता" ह्या शब्दाला धरून बसू नका, दर आठवड्याला नवीन पत्र नको.

मेंढपाळ काका, तुम्हाला सांगायचं राहिलं. ह्या रविवारी प्याला आला तेव्हा मी घेतला. हात इतका थरथरत होता की थोडं ओघळून बाहीवर डाग पडला. शेजारणीने रुमाल दिला.